साहित्य, कृती आणि वाटाण्याचा अंकुर

१९१२ साली दादरच्या एका घरात कुंडीत वाटाणा पेरला गेला आणि त्याच्यासमोर लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा मांडला गेला. दाणा रुजला, कोंब वर आला, पाने फुटली, वेल वाढू लागला. महिनाभराहून अधिक काळ टिपलेली ही वाढ पडद्यावर क्षणार्धात घडून गेली. हा 'अंकुराची वाढ' नावाचा लघुपट धुंडिराज गोविंद फाळके यांनी केला, तो मुख्यतः भांडवल पुरवू शकणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला आणि वाटाण्याचा वेल चित्रपटेतिहासाच्या प्रस्तावनेतील एका ओळीपुरता उरला.

त्या वेलाला आणखी एका इतिहासात जागा आहे, असे आम्हांस वाटते. मराठी घरांत, घरच्याच वस्तू घेऊन, केवळ पाहण्यासाठी म्हणून केलेल्या प्रयोगांचा तो इतिहास. तो कोणी सलग लिहिलेला नाही. आम्हीही येथे त्याचे काही तुकडेच मांडणार आहोत. ते मांडण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकाला कसा, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर 'साहित्य' या शब्दातच आहे. पण ते थोडे पुढे.

आधी वाटाण्याचा हिशेब पाहू. ही हकिकत सांगताना 'रोज एक चौकट' असे पुष्कळदा म्हटले जाते, आणि चित्रपट मिनिटभराचा होता असेही त्याच दमात सांगितले जाते. या दोन विधानांचा मेळ बसत नाही. मूकपटाच्या काळात सर्वसाधारणपणे सेकंदाला सोळा चौकटी धरल्या, तर महिन्याच्या तीस चौकटी दोन सेकंदांतच संपतील. मिनिटभराला ९६० चौकटी लागतात, म्हणजे महिनाभर रोज बत्तीस. केवळ दिवसाच्या उजेडाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. तेव्हा एक तर चित्रपट फार आखूड असला पाहिजे, नाही तर त्या घरात कोणी तरी दिवसभर घड्याळ आणि कुंडी यांच्यामध्ये बसून असले पाहिजे. सातवीतल्या मुलाला हे गणित घालून पाहावे. चरित्रग्रंथ वाचण्याची ती एक चांगली सुरुवात होईल.

त्या घरात कोण कोण होते, हे मात्र आपल्याला ठाऊक आहे. सरस्वतीबाई फाळके होत्या. कच्ची फिल्म छिद्रांविना येत असे. अंधाऱ्या खोलीत तिच्या कडेला छिद्रे पाडायची, रसायने कालवायची, फिल्म धुवायची ही कामे त्यांनी शिकून घेतली आणि केली. चित्रीकरणाच्या दिवसांत साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. एकाच बाईच्या हाताला एकाच दिवसात हळद आणि छायाचित्रणाची रसायने लागत होती, ही गोष्ट आम्हांस 'हरिश्चंद्रा'च्या पहिल्या खेळाहून कमी महत्त्वाची वाटत नाही. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये भिंत असते, असे त्या घराला कोणी सांगितलेले नव्हते.

फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. वडील संस्कृताचे शास्त्री. १९१३ साली त्यांनी आपला चित्रव्यवसाय नाशिकला आणला, १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी येथेच उभी राहिली, आणि १९४४ साली त्यांचे निधनही नाशिकलाच झाले. या गावात त्यांचे नाव पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या स्मारकावर आहे. वाटाण्याची कुंडी तेथे असायला हवी होती, असे तेथून जाताना दर वेळी आमच्या मनात येते.

फाळक्यांच्या शिक्षणात बडोद्याचे कलाभवन येते. ते १८९० साली रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघाले. (मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चाफेकरांनी फासलेले डांबर संगमरवराला धक्का न लावता काढले ते हेच गज्जर. रसायनशास्त्राला असेही दिवस येतात.) धंदेशिक्षण मातृभाषेतून द्यावे, असा गज्जरांचा आग्रह होता. त्याआधीही, १८३०च्या दशकात हरी केशवजी यांनी पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय संवादांच्या रूपाने मराठीत आणले होते. संवादाच्या रूपाकडे आमच्या विद्यार्थ्यांचे लक्ष जावे. मराठी विज्ञानगद्य सुरुवातीला प्रश्न विचारत होते. त्याला विधान करण्याची सवय नंतर लागली.

आता शब्दांकडे वळू. शाळेच्या प्रयोगवहीत पानापानावर मथळे असतात: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. यांतले मधले दोन स्वयंपाकाच्या पुस्तकांतही जसेच्या तसे असतात. साहित्य आणि कृती. आणि आमच्या विभागात आम्ही वर्षानुवर्षे जे शिकवतो, तेही साहित्य आणि साहित्यकृतीच. 'प्रयोग' या शब्दाची तऱ्हा याहून मौजेची. प्रयोगशाळेत होतो तोही प्रयोग आणि रंगमंदिरात होतो तोही प्रयोग. नाटकाचा शंभरावा प्रयोग पहिल्यासारखा होत नाही, हे नटाला कळते. विज्ञानाचा शंभरावा प्रयोग मात्र पहिल्यासारखाच व्हावा अशी अपेक्षा असते, आणि तो तसा झाला नाही की खरी गंमत सुरू होते. तिसरा प्रयोग व्याकरणातला: कर्तरी, कर्मणी, भावे.

हा तिसरा प्रयोग पहिल्याला कसा नडतो ते पाहण्याजोगे आहे. वहीत लिहिलेले असते, 'चंचुपात्रात पाणी घेतले. त्यात मीठ घातले. मिश्रण ढवळले.' कोणी? इंग्रजीला कर्ता लपवण्यासाठी वाक्याची मोडतोड करावी लागते. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ बहुधा आपोआपच कर्मणी होतो. 'मी' लिहा अथवा गाळा, 'घेतले' हे पाण्याच्याच लिंगवचनाने चालणार. त्यामुळे करणारा निघून गेला तरी वाक्याला जखम होत नाही. आमच्या शाळेतील विज्ञानाचे कपाट कुलूपबंद असे. आम्ही वर्षभर 'घेतले', 'घातले', 'तापवले' अशी शुद्ध मराठी वाक्ये फळ्यावरून उतरवून घेतली आणि चंचुपात्राला हात लावला तो वार्षिक तपासणीच्या दिवशी, ते पुसण्यासाठी. एकही वाक्य व्याकरणदृष्ट्या खोटे नव्हते. घेणारा कोण, हे त्यात लिहिलेच नव्हते. मराठीत थोडीच सकर्मक क्रियापदे भूतकाळातही कर्त्याला सोडत नाहीत, आणि 'शिकणे' हे त्यांतले एक आहे. 'मी धडा शिकलो' असेच म्हणावे लागते.

१९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक निघाले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गो. रा. परांजपे हे त्याच्या संस्थापकांपैकी. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला रामन यांचा शोध लागला, ज्याचा दिवस आपण १९८७पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. आदल्या दिवशी, २७ला, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. नाशिकच्या शाळांत हे दोन दिवस लागोपाठ येतात. पहिल्या दिवशी ग्रंथदिंडी निघते, दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी उसळतो, आणि दोन्ही दिवसांचा एकमेकांशी काही संबंध असावा अशी शंका कोणालाही येत नाही.

घरच्या वस्तूंतून प्रयोग करावेत ही कल्पना दारिद्र्यातून आली असे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्या देशांतल्या शाळा जमीनदोस्त झाल्या, त्यांच्या शिक्षकांसाठी जे. पी. स्टीफन्सन यांनी युनेस्कोकरिता सूचनांची एक पुस्तिका तयार केली. ती १९४८ साली निघाली. तीच वाढून १९५६ साली युनेस्कोचा विज्ञान-शिक्षणाचा आधारग्रंथ झाला. बाटल्या, डबे, तारा, मेणबत्त्या यांतून उपकरणे कशी करावीत हे त्यात होते. उद्ध्वस्त युरोपसाठी लिहिलेले ते पुस्तक ज्या देशांत प्रयोगशाळा कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या, त्यांनाही उपयोगी पडले. मात्र वस्तू बदलल्या म्हणून शिकवणे बदलतेच असे नाही. डब्याचे उपकरणही कुलपात ठेवता येते.

शिकवणे बदलण्याचा खरा यत्न आपल्या शेजारी झाला. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञान सुरू केले. सहावी ते आठवीची मुले, म्हणजे नेमके ज्या वयात 'का' हा प्रश्न विचारणे बंद होते त्या वयाची. १९७८ साली कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२पासून तो 'एकलव्य' या संस्थेने सांभाळला आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांविषयी साहित्याच्या विद्यार्थ्याला एकच गोष्ट सांगितली तरी पुरे: त्यांत कृती होती, प्रश्न होते, पण उत्तरे नव्हती. निरीक्षण आणि अनुमान यांच्या जागा कोऱ्या होत्या. परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन बसता येत असे. आपल्या वहीत काय लिहिले आहे याला ज्या परीक्षेत किंमत असते, तेथे दुसऱ्याची वही उतरवण्यात काय हशील?

होशंगाबादचा एक धागा पुण्याला पोचला. आय. आय. टी. कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत नोकरीला होते. १९७८ साली रजा घेऊन ते तेथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांची जोडणी त्यांनी तेथे शोधली. नळीचे छोटे तुकडे सांधे होतात, काड्या बाजू. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण कलत नाही. पूल, छपरे आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे यानंतर समजावून सांगावे लागत नाही. पुढे २००३पासून दहाएक वर्षे ते पुण्यात आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्रात होते. ते केंद्र म्हणजे मुक्तांगण विज्ञान शोधिका, आणि तिच्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य'. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ती उभी राहिली. मराठी विनोदाच्या पैशातून मुलांची प्रयोगशाळा झाली, या घटनेवर आमच्या समीक्षेत कोणी काही लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांची तर २०२१ साली नाशिकला झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली होती. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. विज्ञानलेखक अध्यक्षपदी कसा, अशी कुजबुज तेव्हा मंडपात ऐकू आली होती. साहित्य या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक असता तर ती झाली नसती.

खानदेशातल्या खिरोद्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली निघाले आणि त्याच दशकात त्याने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदे परिसरातल्या शाळांतून काम सुरू केले. केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांना एक शंका आली: ही मुले विज्ञानात मागे आहेत, की विज्ञानाच्या पुस्तकातील मराठीत? पुस्तकाची भाषा सोपी करून शिकवून पाहिले, आणि मुलांचे विज्ञान सुधारले. येथे भाषेवरच प्रयोग झाला होता. संस्कृतप्रचुर परिभाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी (आम्हीही कधी काळी त्यांत होतो) हा निष्कर्ष मनावर घ्यायला हवा होता.

आजच्या बालभारतीच्या पुस्तकांत 'करून पहा' असा चौकटीतला मथळा असतो. तो ज्याने कोणी योजला त्याच्या कानाला आमचा नमस्कार. मराठीत करून बघण्यातच पाहणे अंतर्भूत आहे. खाऊन पाहतो, विचारून पाहतो, लिहून पाहतो. फक्त त्या चौकटीखालीच चार ओळींवर, जे पाहायचे ते छापलेले नसावे.

घरी करून पाहण्यासारखे नाशिकच्या मुलांना काय आहे? पुष्कळ आहे. आमटीचा डाग साबणाने धुताना लाल होतो, हे प्रत्येक घरातल्या बाईने पाहिलेले असते. हळद अल्कलीत लाल होते. हळदीवर चुना पडला की जो रंग येतो तो आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो, आणि हळदीपासून कुंकू करणारे टाकणखार घालून याच गुणावर आपला धंदा चालवत आले. हळदीच्या पाण्यात टिपकागद बुडवून वाळवला की प्रयोगशाळेतल्या लिटमसचे काम निम्मे भागते; निम्मे अशासाठी, की लिंबाने तो कागद बदलत नाही. हे 'निम्मे' मुलीने स्वतः शोधून काढावे. पानाच्या चुन्याची निवळी रात्रभर ठेवून वरचे नितळ पाणी काढले आणि नळीने हलकेच त्यात फुंकले, तर ते दुधाळ होते. मोठे माणूस जवळ असावे आणि चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढेच. मापांची तर चिंताच नको. कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा'त १९७०सालीच वाटी-चमच्याचे माप मराठी घरात प्रमाण करून ठेवले आहे.

आणि सावलीचा प्रयोग, जो दिल्लीच्या मुलांना करता येणार नाही. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस. म्हणून वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या विशी-एकविशीला आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच विरते. जुलैत ढग पाहू देत नाहीत. मे महिना हुकमी. ज्योतिषशास्त्राच्या सिद्धान्तग्रंथांतला बारा अंगुळांचा शंकू हाच; त्र्यंबकच्या शास्त्र्यांच्या घरांतून तो पाठ होता. गच्चीवर काठी ओळंब्याने उभी करून आठवडाभर सावली मोजावी. मुले घड्याळात बारा वाजता गच्चीवर जातात आणि निराश होतात. आपले घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताचे. नाशिकचा मध्यान्ह मे महिन्यात साडेबाराच्या सुमारास होतो. सावली नाहीशी होण्यापेक्षा हा अर्ध्या तासाचा फरक मुलांना अधिक चक्रावून सोडतो, असा आमचा अनुभव आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलीने आम्हांला तिची प्रकल्पवही दाखवली. विषय बीजांकुरण. तीन वाट्या, प्रत्येकीत दहा वाटाणे: एकीत कोरडा कापूस, दुसरीत ओला, तिसरीत दाणे पाण्यात पूर्ण बुडवलेले. अक्षर सुरेख, आकृत्यांना रंग. निरीक्षण: 'ओल्या कापसातील सर्व बिया रुजल्या.' वाट्या खिडकीत होत्या. आम्ही मोजल्या. ओल्या कापसात सहाच रुजल्या होत्या.

'सहाच आहेत की,' आम्ही म्हटले.

'हो काका, पण पुस्तकात सर्व आहे. सहा लिहिले तर मार्क कापतील ना?'

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण कापले जातील हे शक्य होते. आम्ही तिला फाळक्यांच्या कुंडीची गोष्ट सांगितली, चौकटींच्या हिशेबासकट. हिशेब तिने पुन्हा स्वतः करून पाहिला आणि तो आमच्या आकड्यांशी जुळल्यावरच गोष्टीवर विश्वास ठेवला. मग म्हणाली, फाळक्यांचा दाणा कुजला असता तर? त्यांनी दुसरा लावला असता, आम्ही म्हटले. 'आणि पहिल्याचे कोणाला सांगितले असते का?'

ती उठली आणि न रुजलेले चार दाणे कापसातून काढून तिने विळीवर चिरायला घेतले. पहिल्यात किडीचे भोक होते. दुसरा आतून काळा होता. उरलेले दोन टणक निघाले. ते तिने न चिरता पुन्हा ओल्या कापसात ठेवले. तीन दिवसांनी त्यांपैकी एकाला मोड आला. वहीत 'सर्व' खोडून 'दहापैकी सात' लिहिले आहे, आणि शेजारी पेन्सिलीने, 'एक अजून बघते आहे.'